एका सॉरीचं सूप

आमच्या गावात सॉरी हा शब्द शिंकेसारखा आहे. आला, गेला, कुणी वळूनही बघत नाही. परवा मी मुद्दाम मोजलं. बेकरीपासून आमच्या दारापर्यंत चालत सात मिनिटं. तेवढ्यात माझ्या तोंडून नऊ वेळा सॉरी गेलं. पहिलं, जिनं स्वतःची बाबागाडी माझ्या पोटरीवर घातली त्या बाईला. दुसरं बेकरीवालीला, कारण तिचे चीजचे पाव संपले होते. म्हणजे संपले तिचे आणि सॉरी मी. तिसरं एका कुत्र्याला. चौथं कुत्र्याच्या मालकाला, त्याच्याआधी कुत्र्याशी बोलले म्हणून. पाचवं दिव्याच्या खांबाला. बाकीची आठवत नाहीत, पण त्यांतलं एकही मनापासून नव्हतं एवढं छातीठोक सांगते. खांबाचं थोडंफार असेल.

तेव्हा माझ्याकडे या शब्दाचा तुटवडा होता असं कुणी समजू नये. तरीही ज्या एका सॉरीची खरोखर गरज पडली, ते बाहेर काढायला मला सोळा दिवस, दोन केक, एक शोकपत्र आणि चौदा खिळे लागले. आणि एवढं करून ते निघालंच नाही.

मिस्टर थर्लवेल आमच्या शेजारी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. आठवड्याला साधारण चाळीस शब्द बोलतात, त्यांतले तीस माझ्या मुलीशी. माझी मुलगी मेबल साडेतीन वर्षांची आहे आणि ती त्यांना ‘थर्ल’ म्हणते, कारण ‘वेल’पर्यंत पोचायला तिला सवड नसते. आमच्या दोघांच्या परसांमध्ये लाकडी कुंपण आहे आणि त्याची एक फळी निघालेली आहे. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता मेबल आपली बाहुलीची गाडी घेऊन त्या फटीतून पलीकडे जाते आणि अकरा वाजता मातीने भरून परत येते. ते दोन तास पलीकडे काय चालतं मला नक्की माहीत नाही. गांडुळांची नावं ठेवतात एवढं कळलं आहे. अलीकडे त्याच वेळात मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसते. आठवड्यातले माझे म्हणावेत असे तास तेवढेच. बाकीचे सगळे कुणाच्या तरी नाकाचे, मोज्यांचे किंवा जेवणाचे असतात.

आता लीकबद्दल. कांद्याचा हा जाडजूड थोरला भाऊ इतर ठिकाणी भाजी म्हणून खातात. आमच्याकडे त्याच्यावर माणसांची किंमत ठरते. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी क्लबात प्रदर्शन असतं आणि त्याआधी तीन आठवडे क्लबाची समिती घरोघर जाऊन प्रत्येकाच्या निवडक तीन लीकच्या पानांवर जांभळा शिक्का मारते, म्हणजे ऐन वेळी कुणी दुसऱ्याचा माल आणून मांडायला नको. मांडायची असते जोडी, एकसारखी, जुळ्या भावांसारखी. तिसरं अडीअडचणीला. एकदा शिक्के पडले की संपलं. चौथ्याला शिक्का नाही, देवाच्या लीकलाही नाही.

थर्लवेलांच्या लीकवर शनिवारी शिक्के पडले. गुरुवारी अकरा वाजता मेबल फटीतून आली. गाडीत बाहुलीच्या जागी, गळ्यापर्यंत पांघरूण घातलेलं, माझ्या मांडीएवढं जाड एक लीक झोपलेलं होतं.

मी एका वाक्याच्या मधोमध होते. मान वर न करता विचारलं, “थर्लनं दिलं?”

“हो,” मेबल म्हणाली.

इथे माझी चूक आहे, मान्य करते. मेबल कुठल्याही प्रश्नाला हो म्हणते. “दात घासलेस?” हो. “तू हत्ती आहेस?” हो. पण माझीही बाजू ऐका. ज्यांना जोडीदार जमत नाही अशी लीकं थर्लवेल ऑगस्टभर कुंपणावरून देत असतात. मला वाटलं, हे त्यांतलंच. मी पानं छाटली, बादलीत टाकली, बटाटे घातले, साय घातली आणि सूप केलं. आणि मी काही कृतघ्न बाई नाही, म्हणून एक मोठा वाडगाभर सूप झाकून त्यांच्या दाराच्या पायरीवर ठेवलं. सोबत चिठ्ठी: ‘इतक्या सुंदर लीकबद्दल मनापासून आभार! तुमची, टेस.’

‘मनापासून’खाली मी रेघही ओढली होती.

शुक्रवारी सकाळी समोरच्या ग्लेनिस केकचं भांडं परत द्यायला आल्या. ग्लेनिस गावातल्या सर्व गोष्टींवर सल्ला देतात आणि न विचारलेला सल्ला आधी देतात. बोलता बोलता त्यांची नजर टाकाऊ भाजीच्या बादलीवर गेली. त्यांनी दोन बोटांनी एक पान उचललं. पानावर जांभळा, गोल, स्पष्ट शिक्का.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “हे काय केलंस?”

“सूप,” मी म्हणाले.

ग्लेनिस खुर्चीवर बसल्या. मग मी बसले. मग त्यांनी विचारलं, “म्हाताऱ्याला कळलंय?”

मी वाडग्याबद्दल सांगितलं. चिठ्ठीबद्दल सांगितलं. रेघेबद्दल नाही सांगितलं. माणसाला थोडी तरी अब्रू असते.

संध्याकाळी नवरा घरी आला. गॅरेथ याच गावात जन्मला, त्यामुळे त्याला धीर देणं जमत नाही. तो म्हणाला, “वरच्या आळीत दोन सख्खे भाऊ होते. एकाच्या शेळीनं दुसऱ्याचं शिक्क्याचं लीक खाल्लं. एकतीस वर्षं बोलले नाहीत.”

“मग?”

“मग एक मेला.”

“आणि शेळी?”

“तिच्याशी दोघंही बोलायचे.”

मी ठरवलं, हे प्रकरण वाढू द्यायचं नाही. सॉरी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आणि ज्यानं केलं त्यानं म्हणायचं, हेही ठरवलं, कारण मूल वाढवण्याविषयीच्या सगळ्या पुस्तकांत तसं लिहिलेलं असतं. मी मेबलला स्टुलावर बसवलं.

“मेबल, थर्लला सॉरी म्हणायचं.”

“का?”

“तू त्याचं लीक उपटलंस.”

“त्याला थंडी वाजत होती.”

“लीकला थंडी वाजत नाही.”

“मग ते कॉलर का घालतं?”

थर्लवेल लीकच्या बुंध्याला पांढरा राहावा म्हणून कागदी कॉलर घालतात. याला उत्तर होतं, पण ते साडेतीन वर्षांच्या डोक्यात शिरेल असं नव्हतं. मी आवाज चढवला. “ते काही नाही. सॉरी म्हणायचं.”

मेबल स्टुलावरून उतरली. “मी त्याला झोपवलं,” ती म्हणाली. “तू त्याचं सूप केलंस. तू म्हण.”

पुस्तकांत यापुढचं पान नसतं.

“सॉरी म्हणेपर्यंत पलीकडे जायचं नाही,” मी जाहीर केलं. आणि ती जाणारच, हे माहीत असल्यामुळे, शिवाय थर्लवेलांची उरलेली दोन लीकं तरी प्रदर्शनापर्यंत जमिनीत राहावीत म्हणून, शनिवारी सकाळी गॅरेथला ती फळी ठोकायला लावली. गॅरेथ हिशेबतपासनीस आहे. जिथे दोन खिळे पुरले असते तिथे त्यानं चौदा मारले. अर्धा तास सगळी आळी ठकठक ऐकत होती. यात कुणाला काही वाटू शकेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट मला वाटत होतं, म्हातारबुवांना किती हायसं वाटलं असेल.

त्याच दिवशी दुपारी ते मला आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक फाटकापाशी भेटले. हीच वेळ, मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलं. पण ते त्याच क्षणी बाहेर येत होते आणि मी आत जात होते.

“सॉरी,” ते म्हणाले.

“सॉरी, सॉरी,” मी म्हणाले. ही फाटकाबद्दलची होती.

ते उजवीकडे सरकले, मीही. “सॉरी.” “नाही, नाही, मीच सॉरी.” त्यांची पिशवी माझ्या कोटाला अडकली. “सॉरी हं, पोरी.” मी ती सोडवताना त्यांची टोपी पाडली. “अरे देवा, सॉरी!” हे टोपीचं. एकूण सात झाली आणि लीकच्या वाट्याला एकही आलं नाही. शेवटी मी मान खाली घालून म्हणाले, “मिस्टर थर्लवेल, ते त्या दिवशीचं…”

“काही नाही गं ते,” ते घाईघाईनं म्हणाले आणि जवळजवळ पळाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

“‘काही नाही गं ते’ कसं म्हणाले?” गॅरेथनं विचारलं.

“म्हणजे?”

“‘काही नाही’वर जोर होता की ‘ते’वर?”

“त्यानं काय होतं?”

“‘काही नाही’वर असेल तर माफ. ‘ते’वर असेल तर एकतीस वर्षं.”

मला आठवेना. त्या रविवारी मी तो संवाद गॅरेथसमोर सहा वेळा करून दाखवला, टोपीसकट. शेवटी त्याचंही मत पडलं की काही सांगता येत नाही.

ग्लेनिस म्हणाल्या, “दारापर्यंत जाऊन बेल मात्र वाजवू नकोस. बेल वाजली की त्यांना दार उघडावं लागणार, दार उघडलं की आत ये म्हणावं लागणार, आत घेतलं की चहा करावा लागणार. आधीच माणूस दुःखात, त्याला चहा करायला लावशील? पत्र टाक. छानसं कार्ड.”

हे मला पटलं. आमच्याकडे कुणालाही पटलं असतं. सोमवारी मी पोस्टातल्या दुकानात गेले. तिथे ‘गाव सोडून चाललात, सॉरी’ होतं. ‘वाढदिवस विसरले, सॉरी’ होतं. त्यात एक लाजलेलं अस्वल होतं. ‘तुम्ही आजारी आहात हे ऐकून सॉरी’ची तीन प्रकारची होती. पण ‘तुमचं बक्षिसाचं लीक उकळून तुम्हालाच खाऊ घातलं’ या प्रसंगाला शोभेल असं एकही नव्हतं. मागे पंधरा मिनिटं रांग खोळंबली होती (दोन सॉरी). शेवटी मी घाबरून सर्वांत गंभीर दिसणारं उचललं. पांढऱ्या लिली, रुपेरी कडा, आणि आत छापलेलं: ‘आपण जे गमावलंत त्याबद्दल आम्ही तिघंही सॉरी आहोत.’ ‘तिघंही’ मी पेनानं घातलं. मेबलनं खाली एक गोल काढला.

ते मी त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. बेल न वाजवता.

मंगळवारी दहा वाजता मेबल गाडी घेऊन कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. फळीवर हात फिरवला. खिळे मोजले, तिच्या पद्धतीनं: एक, दोन, पाच, पुष्कळ. मग तिथेच गवतात बसली. “सॉरी म्हणतेस?” मी खिडकीतून विचारलं. “नाही,” ती म्हणाली. हो म्हणण्याचा जन्मभराचा रिवाज तिनं नेमका त्या दिवशी मोडला. तो तास मी वही उघडून टेबलाशी बसले खरी, पण खिडकीतून गवतात बसलेली एवढीशी पाठ दिसत असताना माणूस काय लिहिणार? मी भांडी घासली.

दुपारी आमच्या पायरीवर मुरवलेल्या बीटची बरणी होती. थर्लवेलांच्या हातची. चिठ्ठी नाही.

“बीट का?” मी ग्लेनिसना विचारलं.

ग्लेनिसनी बरणी उजेडात धरली. “रागावलेल्या माणसानं बीट दिलं नसतं,” त्या म्हणाल्या. मग विचार करून, “पण अभिमानी माणसानं दिलं असतं. म्हणजे आता तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. परतफेड कर, नाहीतर बघ.”

बुधवारी मी लिंबाचा केक करून त्यांच्या पायरीवर ठेवला. गुरुवारी आमच्या पायरीवर शेंगांची जुडी. शुक्रवारी मी खारवलेली बिस्किटं ठेवली. शनिवारी एवढा मोठा कोबी आला की दार आतून उघडेना. गॅरेथला मागच्या दारानं फिरून जाऊन तो हलवावा लागला. मी दुसरा केक केला, या वेळी दोन थरांचा. सोमवारी डालियाची गुलाबी फुलं, बादलीभर. दोन्ही घरांत माणसं होती. दोन्ही दारांना बेल होती. पडद्याआडून मी त्यांना वाकून, गुडघा धरून, कोबी ठेवताना प्रत्यक्ष पाहिलं, आणि ते निघून जाईपर्यंत श्वास रोखून जमिनीवर बसून राहिले, कारण दिसले असते तर बोलावं लागलं असतं. आमच्या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य कसं केलं हे मला कधीच कळलेलं नाही. बहुधा कुणाच्या तरी पायरीवर काहीतरी ठेवायला गेले असतील.

दुसऱ्या मंगळवारी मेबल पुन्हा फळीपाशी बसली. या वेळी तिनं फळीच्या चिरेतून पलीकडे एक गांडूळ सोडलं. “थर्लला दे,” तिनं त्याला सांगितलं.

बुधवारी मिस आर्कल आल्या. मिस आर्कल चाळीस वर्षं गावच्या शाळेत भाषा शिकवत होत्या आणि आता लीक क्लबाच्या चिटणीस आहेत. गॅरेथ त्यांचा विद्यार्थी. त्यांना पाहताच तो उठून उभा राहिला आणि हात पाठीमागे नेले.

“मिसेस हेपल,” त्यांनी वही उघडली. “शिक्क्याचं एक लीक कमी भरतंय. क्लबाच्या दफ्तरात नुकसानीचं कारण लिहावं लागतं. नियमात चार कारणं आहेत: गारठा, कीड-गोगलगाय, सड आणि दुष्ट हेतू. यांतलं कुठलं?”

“मूल,” मी म्हणाले.

“मूल नियमात नाही.”

“मग नियमात घाला.”

“नियम बदलायला वार्षिक सभा लागते. ती फेब्रुवारीत. प्रदर्शन शनिवारी आहे.” त्यांनी चष्म्यावरून मेबलकडे पाहिलं. मेबल टेबलाखाली बीट खात होती. “दुष्ट हेतू लिहिलं तर मला पोलिसांना कळवावं लागेल.”

“ती साडेतीन वर्षांची आहे!”

“म्हणून मी सुचवते, गोगलगाय.”

“माझी मुलगी गोगलगाय नाही!” मी म्हणाले. मी तिला नऊ महिने पोटात वाढवली, चौतीस तास कळा दिल्या, दात येताना रात्ररात्र खांद्यावर नाचवली, ते काय गोगलगाय म्हणून दफ्तरी लागावी यासाठी? पण नियमांपुढे आईचं काही चालत नाही. मिस आर्कलनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: थर्लवेल, नग एक, गोगलगाय.

“आणि दिलगिरीचं निवेदन,” त्या म्हणाल्या. “ते जोडावं लागतं.”

निवेदन माझ्याकडे तयार होतं. या दहा दिवसांत मी त्याचे पाच खर्डे केले होते. मिस आर्कलनी पर्समधून लाल पेन काढलं. शेजारी उभ्या असलेल्या गॅरेथनं डोळे मिटून घेतले.

“सहा वेळा सॉरी लिहिलंत,” त्या म्हणाल्या, “आणि सात वेळा ‘पण’. सॉरी पण मी कामात होते. सॉरी पण मला वाटलं. यांत सॉरी कुठे आहे? तुम्हाला या शब्दाचं मूळ माहीत आहे?”

मला कोबी चिरायचा होता. पण चाळीस वर्षांची सवय असलेल्या बाईला कोण थांबवणार?

“लोकांना वाटतं हा शब्द ‘सॉरो’, म्हणजे दुःख, यापासून आला. चूक. दोघं शेजारी राहून राहून सारखे दिसायला लागले, एवढंच. याचं मूळ आहे जखमेत. ठणकण्यात. हजार वर्षांपूर्वी सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय तो. अंगात नाहीतर मनात, पण दुखलं पाहिजे. मग दयनीय दिसणाऱ्या कशालाही म्हणायला लागले: सॉरी घोडा, सॉरी अवस्था. मग ‘तुला दुखलं म्हणून मला दुखतंय’ असं सांगण्यासाठी. नुसतं ‘सॉरी’ असं उडत म्हणून पुढे निघून जायची सोय अगदी अलीकडची आहे, आगगाड्यांच्या आसपासची. आणि आता खांबालाही म्हणतात.”

मी कोबी बाजूला सारला.

“तेव्हा निवेदन पुन्हा लिहा. कुणाला, कुठे दुखलं, एवढंच. आणि ज्यानं केलं त्याची सही घ्या.”

मी नव्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि मेबलनं टेबलाखालून हात काढून त्यांच्याखाली गोल काढला. बीटच्या रसात. मिस आर्कलनी तो वाळू दिला, फुंकर घातली आणि फायलीत लावला.

शनिवारी मी मेबलला निळा फ्रॉक घातला, केस विंचरले आणि वाटभर शब्द घोटून घेतला. “काय म्हणायचं?” “सॉरी.” “कुणाला?” “तुला.” “मला नाही, थर्लला.” “तो कुठाय?” गेले दोन आठवडे ती एवढंच विचारत होती.

क्लबाच्या दिवाणखान्यात पांढऱ्या कापडावर लीकच्या जोड्या मांडल्या होत्या, न्हाऊन माखून, पानं विंचरून, मेबलपेक्षा टापटीप. परीक्षकांनी फीत लावून मापं घेतली होती. थर्लवेलांची जोडी ओळखायला नाव वाचावं लागलं नाही. एक लीक बोक्यासारखं आणि शेजारचं त्याच्या पिल्लासारखं. पुढे चिठ्ठी: अकरावा क्रमांक. स्पर्धक अकरा होते. थर्लवेल मागे टोपी हातात धरून उभे होते. सगळे त्यांच्याशी हवेबद्दल बोलत होते, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते समजा.

बक्षिसांआधी चिटणीसांनी वर्षभराचं नुकसान वाचायची पद्धत आहे. मिस आर्कल उभ्या राहिल्या. “डॉब्सन, नग दोन, गारठा. रेवली, नग एक, सड. थर्लवेल, नग एक, गोगलगाय.”

ऐंशी माणसांनी एकाच वेळी वळून मेबलकडे पाहिलं. ग्लेनिसनी गावात काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं. मेबलनं सर्वांना हात केला.

मी तिला पुढे ढकललं. “जा. म्हण.” मिस आर्कलचे लाल शेरे मारलेला जुना खर्डा मी पर्समध्ये धरून होते, ती अडली तर मी वाचणार होते. मेबल टेबलाखालून सरळ पलीकडे निघाली आणि थर्लवेलांच्या बुटांपाशी उगवली. त्यांनी खाली पाहिलं. ती वर बघत होती. आता, मी म्हटलं. आता म्हण गं बाई.

“थर्ल,” मेबल म्हणाली, “दुखतंय?”

मिस आर्कलनी चष्मा काढला.

थर्लवेल गुडघा धरून खाली वाकले. “जरासं,” ते म्हणाले.

“कुठे?”

त्यांनी खरंच विचार केला. “मंगळवारी,” ते म्हणाले. “गुरुवारी जास्त.”

माझ्या पर्समधल्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. मी टेबलाला वळसा घालून गेले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तेच म्हणाले, “सॉरी, पोरी.”

“तुम्ही? तुम्ही कशाला?”

“डोळा लागला होता माझा.” ते टोपीशी बोलत होते. “उन्हात खुर्ची टाकली आणि लागला. पोर माझ्या भरवशावर, तिथे पाण्याचं पिंप, कुदळ, आणि मी घोरत होतो. जागा झालो तर पोर नाही आणि खड्डा. आधी पिंपात पाहिलं. मग तुमच्या खिडकीतून तिचा आवाज आला.” त्यांनी टोपी हातात फिरवली. “तू फळी ठोकलीस ते बरोबरच केलंस. मीही ठोकली असती.”

“फळी?” मी ओरडले. क्लबात त्याआधी कुणी ओरडलं असेल तर ते फुटबॉलसाठी. “फळी मी तुमच्या लीकसाठी ठोकली! ती उरलेली दोन उपटेल म्हणून!”

“आणि ते कार्ड? लिली? ‘जे गमावलंत त्याबद्दल’? मला वाटलं, तू सांगतेयस, पोर आता यायची नाही.”

“दुकानात दुसरं नव्हतं! एक अस्वलाचं होतं!”

“मग ते केक…”

“तुम्ही रागावला होतात म्हणून! आणि ते बीट, तो कोबी…”

“तू रागावली होतीस म्हणून.”

चौदा खिळे, दोन केक, बिस्किटं, बीट, शेंगा, कोबी, बादलीभर डालिया. मधे बारा पावलांचं अंतर आणि दोन चालू बेल.

“सूप मात्र चांगलं होतं,” थर्लवेल म्हणाले.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. “तुम्हाला कळलं होतं?”

“खड्डा साडेअकराला पाहिला. सूप एक वाजता आलं. मी लीक क्लबात आहे, पोरी, खुळ्यांच्या इस्पितळात नाही.” कपाळावर आठी न घालता ते पुढे म्हणाले, “बत्तीस वर्षं शिक्क्याची पिकवतोय. मापली, मांडली, बियाला ठेवली. चव कशी असते ते माहीतच नव्हतं. मीठ कमी होतं.”

इतक्यात परत येताना मेबलचं डोकं टेबलाच्या कडेला लागलं. तिनं डोकं चोळलं, टेबलाकडे पाहिलं आणि सबंध दिवाणखान्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “सॉरी.”

टेबलाला! सोळा दिवस मी जीव टाकला आणि ते मिळालं टेबलाला.

“उच्चार स्पष्ट आहे,” मिस आर्कल म्हणाल्या.

मी स्वतः काय म्हणाले ते सांगायचं राहिलं. मी काहीच म्हणाले नाही. मला हुंदका आला आणि तो लपवायला मी त्यांच्या टोपीवरची नसलेली माती झटकत बसले. ते पुरेसं होतं की नाही, ‘काही नाही’वर जोर होता की ‘ते’वर, हे विचारायचं मी आता सोडून दिलं आहे.

मंगळवारी पावणेदहाला परसातून कर्रर्र, कर्रर्र असा आवाज आला. पाहिलं तर पलीकडून कुणीतरी फळी उचकटत होतं. गॅरेथनं इमानानं मारलेले चौदाच्या चौदा खिळे एकेक करून निघत होते, आणि प्रत्येकाबरोबर एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही. दहाला दोन मिनिटं असताना फट मोकळी झाली. तिच्यातून सुरकुतलेला हात आला आणि त्यानं गवतात एक रिकामा वाडगा ठेवला, स्वच्छ धुतलेला. मागोमाग शिक्का नसलेलं, रोडकं एक लीक.

“आत ये, गोगलगाय,” पलीकडून आवाज आला. “मी जागा आहे.”

मेबल गाडी ढकलत गेली. मी मीठ कुठे ठेवलंय ते आधी बघून ठेवलं, मग टेबलाशी बसून वही उघडली. अकरा वाजेपर्यंत मी कुणालाही सॉरी म्हणाले नाही.